दिवा वाटला, उजेडाचे काय?

स्वतंत्र भारतात ‘विद्युतीकृत गाव’ या शब्दाची व्याख्या ज्या कोणी केली, त्याने अंधाराची मोठीच सोय करून ठेवली होती. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली, की ते सबंध गाव विद्युतीकृत ठरत असे. शिवारातल्या एखाद्या विहिरीवर पंप बसला, तरी कागदावर साऱ्या गावात लख्ख उजेड पडे. १९९७ मध्ये वीज प्रत्यक्ष वस्तीत पोहोचली पाहिजे, अशी दुरुस्ती झाली. फेब्रुवारी २००४ मध्ये आणखी सुधारणा झाली. दलित वस्तीसह गावठाणात रोहित्र आणि वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा ठिकाणी वीज असावी आणि एकूण घरांपैकी किमान दहा टक्के घरांत ती पोहोचलेली असावी, असे ठरले. दहा टक्के! म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात नव्वद घरी रॉकेलची चिमणी धूर ओकत असली, तरी सरकारदरबारी ते गाव उजळलेले.

या कागदी उजेडाचा हिशेब २०११ च्या जनगणनेने मांडला. देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४३.२ टक्के कुटुंबांचे प्रकाशाचे मुख्य साधन रॉकेल हेच होते. घरांच्या संख्येत सांगायचे, तर सात कोटींहून अधिक घरे. स्वातंत्र्याला चौसष्ट वर्षे होत असताना, अणुभट्ट्या चालविणाऱ्या आणि उपग्रह सोडणाऱ्या देशात, खेड्यातली जवळजवळ दर दुसरी माउली काजळी धरलेल्या काचेआडच्या ज्योतीवर भाकऱ्या थापत होती आणि तिची मुले त्याच ज्योतीभोवती डोके खुपसून पाढे म्हणत होती.

रॉकेलचा अनर्थ

‘गरिबाला परवडेल असा प्रकाश’ म्हणून या देशाने दशकानुदशके एकच उत्तर दिले. शिधापत्रिकेवर स्वस्त रॉकेल द्यायचे. हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. पण हेतू चांगला असला म्हणून परिणामांकडे डोळेझाक करता येत नाही. स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्या दरांतील तफावतीत काळ्या बाजाराचे बीज होते. ते रुजले, फोफावले आणि त्याचा वटवृक्ष झाला. शिधावाटपातील रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून अधिक रॉकेल वाटेतच गायब होते, असा निष्कर्ष राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २००५ मध्येच काढला होता. गरिबाच्या चिमणीसाठी निघालेले तेल टँकरच्या टाकीत मुरत होते.

या व्यवहाराचे सर्वांत भीषण दर्शन महाराष्ट्राला २५ जानेवारी २०११ रोजी घडले. मनमाडजवळ इंधनाची भेसळ रंगेहाथ पकडणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भर दिवसा जिवंत जाळले. प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला एका कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याची राख झाली. गरिबाच्या नावाने दिलेली सवलत गरिबापर्यंत न पोहोचता कोणाला पोसत होती, याचा याहून दारुण पुरावा कोणता असेल?

आणि या सवलतीचा आकार किती होता? २०१२-१३ आणि २०१३-१४ या वर्षांत शिधावाटपातील रॉकेलपोटी तेल कंपन्यांना सोसावी लागलेली तूट दरवर्षी सुमारे तीस हजार कोटी रुपयांची होती. घरोघरी वीज पोहोचविण्यासाठी २०१७ मध्ये आखलेल्या ‘सौभाग्य’ योजनेचा एकूण खर्च होता १६,३२० कोटी रुपये. याचा अर्थ स्पष्ट आहे. जेवढ्या रकमेत देशातल्या उरलेल्या घरांत विजेचा दिवा लागू शकत होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम हा देश एकेका वर्षात धुरावर, काजळीवर आणि भेसळीवर उधळत होता. पैसा नव्हता, ही सबब खोटी होती. पैसा होता. मात्र तो गरिबाला अंधारातून बाहेर काढण्यासाठी खर्च होत नव्हता. त्याचा अंधार थोडा सुसह्य करण्यावर तो उडत होता.

श्रेय आणि उरलेला प्रश्न

पुढे चित्र बदलले, हे नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. १५ ऑगस्ट २०१५ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, की वीज न पोहोचलेली साडेअठरा हजारांच्या आसपासची गावे एक हजार दिवसांत जोडली जातील. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातील लेइसांग हे गाव जोडले गेले आणि तो संकल्प पुरा झाला. २५ सप्टेंबर २०१७ रोजी, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या जयंतीला, ‘सौभाग्य’ योजनेने गावाऐवजी घर हे एकक मानले. हा खरा वैचारिक बदल होता. अंत्योदयाचा विचार गावाच्या वेशीवर थांबत नाही. तो शेवटच्या घराचा उंबरा ओलांडूनच पुरा होतो. मार्च २०२२ पर्यंत या योजनेतून २.८६ कोटी घरांत वीज पोहोचली. रॉकेलच्या किमती २०१६ पासून थोड्या थोड्या वाढवत नेऊन ती सवलतही पुढे संपविण्यात आली.

मात्र ज्या सरकारविषयी आपुलकी वाटते, त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असा काही दंडक नाही. उलट आपुलकी असणाऱ्यांनीच ते आधी विचारले पाहिजेत. ज्या दुर्गम वस्त्यांपर्यंत तारा नेणे शक्य नव्हते, तेथील चार लाखांच्या आसपास घरांना ‘सौभाग्य’ योजनेतून सौर संच देण्यात आले. दोनशे ते तीनशे वॉटचे पॅनेल, एक बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग असे त्याचे स्वरूप होते. संचाच्या दुरुस्ती-देखभालीची हमी होती पाच वर्षांची.

पाच वर्षे! हाच या साऱ्या चर्चेचा कळीचा शब्द आहे. ज्या घरी २०१८-१९ मध्ये संच बसला, त्या घराची हमी २०२३-२४ मध्ये संपली. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. पण साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे असते. म्हणजे हमी ज्या सुमारास संपते, बॅटरीही त्याच सुमारास अखेरचे आचके देऊ लागते. मग त्या घराचे काय? सरकारच्या नोंदीत ते घर विद्युतीकृतच राहते. एकदा झालेली नोंद कोणी पुसत नाही. शिवारातल्या एका पंपावर सारे गाव उजळविणारी जुनी व्याख्या आणि बंद पडलेल्या संचावर घर उजळलेले मानणारी नवी नोंद यांत मग फरक तो काय राहिला?

फुकटच्या दिव्याचे आयुष्य

सौर दिवा कसा मरतो, हे समजून घेतले पाहिजे. त्याला कोणी शत्रू लागत नाही. पॅनेलवर धूळ साचते, ती पुसायची असते हे कोणी सांगितलेले नसते. ज्या झाडाची सावली बसविताना पॅनेलवर पडत नव्हती, ते तीन पावसाळ्यांत वाढते. बॅटरीतले पाणी आटते आणि त्यात ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी विहिरीचे पाणी ओतले जाते. कुठे उंदीर वायर कुरतडतो, कुठे फ्यूज उडतो. दोष दहा रुपयांचा असतो, पण तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी असतो, आणि तिथवर जाण्याचे एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी दोषाच्या कैकपट. मग संच तसाच राहतो. छपरावर पॅनेल चमकत असते आणि खाली पुन्हा चिमणी पेटते. आता तर स्वस्त रॉकेलही नाही!

हा दोष केवळ सरकारी यंत्रणेचा आहे, असे मानून शहरातल्या सज्जनांनी हात झटकू नयेत. गेल्या काही वर्षांत सौर कंदील वाटणे हा सेवाभावी मंडळांचा, क्लबांचा आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व विभागांचा आवडता उपक्रम होऊन बसला आहे. गाड्यांचा ताफा पाड्यावर जातो, ओळीत उभ्या केलेल्या माता-भगिनींच्या हाती कंदील दिले जातात, छायाचित्रे निघतात आणि सूर्यास्तापूर्वी ताफा परततो. ज्या वस्तूची खरी परीक्षा सूर्यास्तानंतर व्हायची, तिच्या दात्यांनी सूर्यास्तापूर्वीच घर गाठावे, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. सहा महिन्यांनी त्यांतले किती कंदील लागतात, हे पाहायला कोण जाते? वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. संख्येचा मोह केवळ मंत्रालयालाच होतो असे नाही. तो वार्षिक अहवालालाही होतो.

फुकट वाटपाने आणखी एक हानी होते. गावातला एखादा होतकरू तरुण कर्ज काढून सौर दिव्यांचे दुकान आणि दुरुस्ती सुरू करू पाहतो. तोच बातमी येते, की पुढच्या महिन्यात अमुक मंडळ दिवे फुकट वाटणार आहे. गिऱ्हाईक थांबते, दुकान बसते. फुकटचे दिवे वर्षाने बंद पडतात, तेव्हा दुरुस्तीला तो तरुणही उरलेला नसतो. तो शहरात मजुरीला गेलेला असतो. दानाने एक दिवा आला आणि व्यवस्था कायमची गेली.

ज्यांनी वेगळे करून दाखविले

मग मार्ग नाही का? मार्ग आहे, आणि तो याच देशात अनेकांनी चालून दाखविला आहे. आयआयटी खरगपूरमध्ये शिकलेल्या आणि अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेल्या हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये कर्नाटकात ‘सेल्को’ ही कंपनी उभी केली. गरिबाला सौर ऊर्जा परवडत नाही आणि परवडली तरी त्याला ती सांभाळता येत नाही, हे दोन समज खोटे पाडणे, हाच तिचा उद्देश होता. हांडे यांना सर्वांत मोठा धडा रस्त्यावरच्या विक्रेत्यांनी दिला. महिन्याला तीनशे रुपये म्हणजे फार झाले, पण दिवसाला दहा रुपये सहज देता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. रक्कम तीच होती. फरक होता तो मिळकत रोज येते की महिन्याने, याचा. वातानुकूलित दालनात बसून ‘परवडणारा दिवा’ आखणाऱ्यांना जे सुचले नाही, ते हातगाडीवाल्याने एका वाक्यात सांगितले. परवडणे हे केवळ किमतीवर अवलंबून नसते. ते हप्त्यावर अवलंबून असते.

म्हणून त्यांनी ग्रामीण बँकांची दारे ठोठावली. गिऱ्हाइकाच्या कमाईच्या लयीप्रमाणे कर्जाचे हप्ते बांधून घेतले आणि बसविलेल्या दिव्याच्या देखभालीसाठी गावांजवळ सेवा केंद्रे उघडली. पहाटे फुले तोडणाऱ्या मजुरांसाठी आणि सुईणींसाठी कपाळावर बांधायचे दिवे करून दिले. २०११ मध्ये हांडे यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच कर्नाटकात आणि केरळात २००३ पासून कॅनरा बँक व सिंडिकेट बँक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साहाय्याने सौर दिव्यांसाठी घरगुती कर्जे दिली. तेथे सवलत वस्तूवर नव्हती, व्याजावर होती. हा भेद बारीक वाटला तरी मूलगामी आहे. वस्तूवरची सवलत पुरवठादाराच्या खिशात जाऊ शकते. व्याजावरची सवलत कर्ज फेडणाऱ्याच्याच पदरात पडते. आणि जो हप्ता भरतो, तो दिवा बंद पडला की हक्काने जाब विचारतो.

राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या सगळ्याच भूमिका सर्वांना पटतील असे नाही. पण तेथे अक्षरओळखही बेताची असलेल्या खेडुत स्त्रिया, आज्या झालेल्या बायका, रंगांच्या खुणांवरून सौर दिव्यांची मंडले जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या, आणि पुढे आफ्रिकेतील देशांतून आलेल्या बायकांनीही तेच शिक्षण घेतले, ही वस्तुस्थिती आहे. निरक्षर म्हणजे अडाणी, हा समज शहरी सुशिक्षितांचा अहंकार आहे. जी बाई जात्याची खुंटी ठोकून बसवते, चूल लिंपते आणि शेळीचे बाळंतपण करते, ती दोन तारा जोडू शकणार नाही, असे मानणे हाच खरा अडाणीपणा.

महाराष्ट्राच्या भूमीवरूनही असाच एक प्रयत्न झाला. आयआयटी मुंबईने गेल्या दशकात विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे सौर दिवे गावोगाव पोहोचविण्याची योजना राबविली. दिव्याचे सुटे भाग गावाजवळ आणून तेथल्याच लोकांकडून ते जोडून घ्यायचे, विकायचे आणि दुरुस्तही करायचे, हे तिचे सूत्र होते. मुलांकडून दिव्यामागे १२० रुपये घेतले गेले. किंमत अल्प होती, पण ती घेतली गेली, हे महत्त्वाचे. पुढे राजस्थानातील डुंगरपूर येथे वनवासी महिलांनी आयआयटी मुंबईच्याच मार्गदर्शनाने सौर पॅनेल बनविण्याचा कारखाना उभारला. काल ज्यांना लाभार्थी म्हटले जात होते, त्या उत्पादक झाल्या.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला असा, की ज्याला दोन वेळची भ्रांत, त्याच्याकडून दिव्याचे पैसे मागायचे, ही कसली सेवा? उत्तर असे, की तो नेहमीच पैसे देत आला आहे. रॉकेलला, मेणबत्तीला, टॉर्चच्या सेलला आणि बाजारच्या दिवशी मोबाईल चार्ज करून देणाऱ्या दुकानदाराला तो पैसे देतोच. सर्वांत वाईट प्रकाशासाठी सर्वांत जास्त मोल या देशात गरिबाने मोजले आहे. तोच पैसा चांगल्या प्रकाशाकडे वळवून देणे, ही खरी सेवा. शिवाय, गरिबाकडून घ्यायचे नाही म्हणणाऱ्या व्यवस्थेनेच त्याच्याकडून घेतले आहे. संचातली शिसे-आम्लाची बॅटरी मेली आणि त्याने पदरमोड करून नवी आणली, तर सप्टेंबर २०२५ पर्यंत तिच्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. तेव्हा कुठे तो १८ टक्क्यांवर आला. पाड्यावरच्या दिव्याची बॅटरी आणि श्रीमंताच्या मोटारीची बॅटरी एकाच तागडीत तोलली गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शहराला तारेची वीज आणि वनवासी बांधवाला छपरावरचा तुकडा, हा दुजाभाव नव्हे काय? जेथे तार जाऊ शकते तेथे सौर दिवा देऊन बोळवण होत असेल, तर तो निश्चितच दुजाभाव आहे. तीनशे वॉटवर पिठाची चक्की चालत नाही. सौर दिवा तारेची सबब होता कामा नये. पण सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरकुशीत विखुरलेली घरे, भामरागडच्या जंगलातले पाडे किंवा दुसऱ्याच्या जमिनीवर झोपड्या घालून राहणारी कातकरी कुटुंबे, ज्यांच्याकडे मीटर मागायला जागेचा कागदच नाही, त्यांनी तारेची वाट किती पिढ्या पाहायची?

आता काय व्हावे

हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर येण्याचे कारण आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, भगवान बिरसा मुंडा यांच्या जयंतीला, अतिमागास जनजातींसाठी ‘पीएम-जनमन’ अभियान सुरू झाले. त्याअंतर्गत जानेवारी २०२४ मध्ये एक लाख वीजविहीन घरांसाठी स्वतंत्र सौर योजना मंजूर झाली. घरटी पन्नास हजार रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया याच जनजातींत येतात. पैसा पुन्हा आहे, इच्छाही आहे. जुनी चूक पुन्हा होऊ नये, एवढेच पाहायचे आहे.

त्यासाठी मोजमाप बदलावे लागेल. किती संच बसविले, हा आकडा यापुढे कोणी अभिमानाने सांगू नये. बसविल्यानंतर तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी किती दिवे लागतात, हा आकडा सांगावा, आणि पुरवठादाराची शेवटची देयके त्या आकड्याशी बांधावीत. दर दहा-पंधरा पाड्यांमागे त्याच भागातली एक तरी व्यक्ती, शक्यतो स्त्री, दुरुस्तीत तयार व्हावी आणि तिच्या मानधनाची सोय संचाच्या किमतीतच असावी. बॅटरी बदलण्यासाठी घराने महिन्याकाठी थोडी रक्कम बचत गटात टाकावी आणि बँकेने त्यावर कर्ज द्यावे. यांतले काहीही आकाशातून आणायचे नाही. सारे या देशात कुठे ना कुठे होऊन गेले आहे.

कार्यकर्त्यांच्या वाट्याला मात्र एक अवघड काम येते. पुढच्या दिवाळीत नवे कंदील घेऊन पाड्यावर जाण्याआधी, मागच्या दिवाळीत दिलेल्या कंदिलांची विचारपूस करायला जावे लागेल. तेही संध्याकाळी, मुक्कामाच्या तयारीने. सोबत हार-फलक नको. एक मल्टिमीटर, एक पक्कड आणि चार फ्यूज पुरेत. त्या कार्यक्रमाचे छायाचित्र बहुधा छापले जाणार नाही. पण त्या रात्री एखाद्या झोपडीत बंद पडलेला दिवा पुन्हा लागेल, आणि शेजारी उभी राहून पाहणारी मुलगी तो कसा लागला, हे शिकून घेईल. शेवटच्या घरातला उजेड तिच्याच हातांनी टिकणार आहे.